ऑइल काळं होईपर्यंत

अद्वय मोटरसायकलच्या पोटाखाली प्रेशर कुकर सरकवत होता, नेमकी तेव्हाच ती आली.

ती त्याच्यासाठी आली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती पावसामुळे आली होती. क्योतोत हिवाळ्याच्या तोंडावर एक पाऊस पडतो, त्याला शिगुरे म्हणतात. तो धड पडतही नाही. नुसता डोकावतो, एखाद्याला गाठून भिजवतो, आणि मग आपला काही संबंधच नव्हता अशा चेहऱ्याने निघून जातो. त्या दुपारी त्याने एका निळ्या मोटरसायकलला गाठलं. इचिजोजी भागात अद्वय राहायचा त्या दुमजली इमारतीपुढे सायकली ठेवायला पत्र्याची शेड होती. निळी मोटरसायकल झपकन वळून शेडमध्ये शिरली. हेल्मेटमधून आधी एक "सुमिमासेन", म्हणजे 'माफ करा', बाहेर आलं, मग हेल्मेट निघालं, आणि मग एक ओली वेणी सुटून खांद्यावर पडली.

अद्वयने मान तुकवली. तो विद्यापीठात शेवाळावर संशोधन करत असे. ओल्या गोष्टींचं कौतुक हा त्याचा पोटापाण्याचाच धंदा. पण हे कौतुक जरा वेगळ्या जातीचं आहे, हे ध्यानात येईपर्यंत हातातला बोल्ट निघाला, गरम ऑइलची धार बोटांवरून गेली, आणि तो ओरडला, "आई गं!"

"भाजलं का हो?"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. परमुलखात समोरचं माणूस अवचित मराठी निघालं, की आपण मघापासून काय काय बोललो ते आधी आठवून बघावं लागतं. अद्वय मघापासून गाडीशी बोलत होता. त्यातलं बरंचसं छापण्याजोगं नव्हतं.

"थोडंसं," तो म्हणाला. "तुम्ही..."

"कस्तुरी. साताऱ्याची. ...तो कुकर आहे?"

"हो."

"शिट्टीचा?"

"शिट्टी वर घरात आहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "ऑइलला शिट्टी लागत नाही."

"आणि भात कशात लावता?"

"ह्यातच."

"आज?"

"आज ब्रेड आहे."

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबताना तिच्या उजव्या गालावर एक बारीक खळगा पडत होता. डाव्या गालावर काहीच नव्हतं. सगळी व्यवस्था एकाच बाजूला. अद्वयला वाटलं, ह्यावर एखादा छोटासा शोधनिबंध व्हायला हरकत नाही.

ती वाकून कुकरात डोकावली. "हे ऑइल आहे की डांबर? कधी बदललं होतंत?"

मग त्याला नरेंद्रची गोष्ट सांगावी लागली. नरेंद्र म्हणजे त्याच्या लॅबमधला सीनियर. भारतात परत जाताना ही मोटरसायकल अद्वयच्या गळ्यात घालून गेला आणि विमानतळाच्या बसमध्ये चढता चढता एकच वाक्य बोलला, "ऑइल बघत जा रे." अद्वय आज्ञाधारक माणूस. इंजिनाच्या बाजूला काचेची एक बारकी गोल खिडकी असते, तिच्यातून आतलं ऑइल दिसतं. दीड वर्ष तो रोज सकाळी वाकून ऑइल बघत होता. आधी ते चहासारखं होतं. मग कॉफीसारखं झालं. मग...

"मग तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. वाटलं, मुरतंय."

आता मात्र ती हसली. पत्र्याच्या शेडखाली, ओली, हातात हेल्मेट धरून, मान मागे टाकून खळखळून हसली. अद्वय बोल्ट हातात धरून बघत राहिला. दीड वर्षाच्या हलगर्जीपणाचं इतकं चांगलं चीज कुणाचं झालं नसेल.

भानावर येऊन त्याने बोल्ट जागेवर लावला, पाना अडकवला, आणि आता जरा पुरुषार्थ दाखवावा म्हणून पान्यावर पाय ठेवला.

"थांबा!" तिने चटकन त्याचं मनगट धरलं. "आटे जातील!"

तिची बोटं गार होती, ओली होती. त्याचं मनगट तेलकट आणि गरम. कुणीच हात सोडायची घाई केली नाही... निदान अद्वयने तरी नाही.

"खालचं सगळं अ‍ॅल्युमिनियम असतं," ती हात काढून घेत म्हणाली. "पायाने पिळलंत तर बोल्ट राहील आणि इंजिन जाईल. मी उजीच्या कारखान्यात आहे, मोजमापाची यंत्रं बनवतो आम्ही. जास्त पिळलेला बोल्ट दिसला की मला जेवण जात नाही. असं करा, गाडी हलवू नका. रविवारी टॉर्क रेंच घेऊन येते."

"तुम्ही कशाला त्रास..."

"तुमच्यासाठी नाही. तिच्यासाठी." तिने गाडीच्या टाकीवर हलकेच थोपटलं. "आणि कुकर देवाघरी गेला असं समजा."

एवढ्यात शिगुरे संपला. निळी मोटरसायकल निघून गेली. हिचा नंबर घ्यायचा राहिला, हे अद्वयच्या लक्षात आलं तेव्हा कोपऱ्यावर कुणीही नव्हतं. पण शेवाळ बोटभर वाढायला वर्षं लावतं आणि त्याच्याजवळ बसून राहायचा तो पगार घेत होता. रविवार म्हणजे काय, परवावर आलेला.

*

रविवारी ती खरोखरच आली. बॅगेतून तिने एक जुना टॉवेल काढून जमिनीवर अंथरला आणि त्यावर हत्यारं मांडली. पाने, नरसाळं, तांब्याचं नवं चकचकीत वॉशर. जुनं ऑइल शोषून घेण्यासाठी आत कापूस भरलेला एक खोकाही तिने आणला होता. हे होम सेंटरमध्ये सहज मिळतं, असं ती कुकरकडे न बघता म्हणाली.

त्या खोक्याची तपासणी करायला तळमजल्यावरच्या मोरिता-सान बाहेर आल्या. मोरिता-सान म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या बाई, वय सत्तरीच्या पुढचं. कुठला कचरा कुठल्या वारी ठेवायचा हा त्यांचा प्रांत, आणि ह्या प्रांतात त्यांनी आजवर कुणालाही माफ केलं नव्हतं. त्यांनी खोका उचलला, हुंगला, कस्तुरीला दोन प्रश्न विचारले. कस्तुरीने वाकून दोन उत्तरं दिली. मोरिता-सान पहिल्यांदाच हसल्या आणि अद्वयकडे वळून म्हणाल्या, "अद्वय-सान, ही शहाणी आहे." आवाजात थोडं आश्चर्य होतं, पण ते बहुधा अद्वयबद्दल असावं.

कस्तुरी काम करायला लागली आणि अद्वयचं बोलणं बंद झालं.

तिच्या हातांना घाई नव्हती. धुण्यापुरतं स्वस्त ऑइल घालून इंजिन चार मिनिटं चालवायचं, म्हणजे ते कोमट ऑइल निघताना तळाचा गाळही घेऊन येतं. बोल्ट आधी बोटांनी लावायचा, जिथवर बोटांनी जातो तिथवर. जबरदस्ती करायची नाही. मग टॉर्क रेंच, ठरलेला जोर झाला की आवाज करून सांगणारा पाना. तिने तो लांब दांडा हळू हळू ओढत नेला आणि कुठूनतरी 'ठक्' असा बारीक आवाज आला. ती तिथल्या तिथे थांबली.

"झालं?"

"झालं. ठक् म्हणजे पुरे."

"अजून थोडंसं, आपलं खात्रीसाठी..."

"खात्रीसाठीच लोक आटे घालवतात."

अद्वय अशा माणसांतला होता, जी नळ बंद झाल्यावरही आणखी एकदा पिळतात आणि फोन ठेवताना चार वेळा 'ठेवतो मग' म्हणतात. पुरे झालं की थांबणारं माणूस त्याने प्रथमच इतक्या जवळून पाहिलं. कपाळावर ऑइलचा एक ठिपका, वेणी जॅकेटात खोचलेली, डोळे अर्धे मिटून ती त्या 'ठक्'ची वाट बघते... आणि आल्यावर थांबते. एखाद्याला गाणं ऐकून भरून येतं, तसं त्याला टॉर्क रेंच ऐकून भरून आलं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"आता बैस गाडीवर," नवं ऑइल ओतून झाल्यावर ती म्हणाली. अहो-जाहो पहिल्या अर्ध्या तासातच गळून पडलं होतं. "गाडी सरळ धर, अजिबात हलवू नको. तिरकी असली की पातळी खोटी दिसते."

तो दोन्ही पाय रोवून बसला. ती खाली जमिनीवर आडवी झाली आणि गाल फरशीला टेकवून काचेच्या खिडकीत बघू लागली.

"एकटी असतेस तेव्हा कसं करतेस?"

"खाली आरसा लावते, आणि वर बसून वाकून बघते."

"मग आता दोघं मिळून जास्त सोपं, नाही का?"

"...आरसा बोलत नाही," ती म्हणाली. पण खळगा पडलेला त्याला वरून दिसला.

जाताना तिने पांढऱ्या टेपचा तुकडा कापला, किलोमीटरचा काटा बघून त्यात तीन हजार मिळवले आणि तो आकडा टाकीखाली चिकटवला. "इथवर आलास की पुन्हा बदलायचं."

अद्वयने हिशेब केला. घर ते लॅब आणि लॅब ते घर, अधूनमधून तांदूळ. तीन हजार व्हायला अडीच वर्षं लागणार होती.

"मग भेटू अडीच वर्षांनी," ती हेल्मेट घालत म्हणाली. काचेआड ती हसत होती की नाही, ते त्याला नीट कळलं नाही.

*

ह्यापुढचे काही आठवडे त्या गाडीइतकी आजारी गाडी अख्ख्या क्योतोत नव्हती.

"ऑइल काळं वाटतंय," रविवारी आठवणीने घेतलेल्या नंबरवर त्याने फोन केला. ती आली, वाकली. "मधासारखं आहे." चहा पिऊन गेली.

"इंजिनातून घूंऽऽ असा आवाज येतोय." ती आली. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डॉक्टरसारखी ऐकत बसली. मग उठून शेडशेजारच्या शीतपेयांच्या मशीनला तेच टोक लावलं. "आवाज ह्याचा आहे." चहा झाला, वर पोहेही झाले.

"हॅन्डल जरा... उदास वाटतंय," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

ह्या वेळी ती आली, पण तिने बॅग उघडली नाही. "अद्वय, ऐक. धडधाकट इंजिन उगीच उघडलेलं मला आवडत नाही. चांगलं ऑइल ओतून टाकणं तर मुळीच नाही. खरंच वेळ झाली की बोलव. येईन मी."

"खरंच येशील?"

"ऑइलची वेळ झाली आणि मी आले नाही, असं आजवर झालेलं नाही."

त्याला त्या गाडीचा हेवा वाटला.

मग फेब्रुवारीच्या शेवटी कामो नदीच्या काठी दोघं डबा खात बसले होते. हे मात्र ऑइलशिवाय जमलं होतं, कारण तिच्याकडे मेथीचे ठेपले आले होते आणि ते संपवायला माणूस हवं होतं, असं ती म्हणाली. अद्वयच्या हातात मेलनपान नावाचा गोड पाव होता. ऊन कोवळं होतं, पाण्यावर बगळे होते, आणि तो मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होता, ज्याची सुरुवात 'मला तू' अशी होती.

"माझी बदली झाली," ती म्हणाली. "टोकियोला. काल आदेश आला, एप्रिलच्या एक तारखेला हजर. आमच्याकडे विचारत नाहीत रे, नुसतं सांगतात."

ह्याच क्षणी वरून एक घार आली आणि अद्वयच्या हातातला पाव उचलून घेऊन गेली.

तो रिकाम्या हाताकडे बघत राहिला. "गेलं," तो म्हणाला.

"अरेरे. इतकं काय वाईट वाटून घेतोस?" तिने आपला ठेपला मोडून अर्धा त्याच्या हातात ठेवला. "इथल्या घारी फार माजल्यात. — टोकियोत ओजिमाला घर बघतेय. तिथे बरेच आपले लोक आहेत, कढीपत्ता कोपऱ्यावर मिळतो म्हणे."

"छान," अद्वय म्हणाला. आत्ता बोलायला हवं होतं. नदी ऐकत होती, घार लांब गेली होती, ती त्याच्याकडेच बघत होती... बघत होती, की वाट बघत होती? त्याने तोंड उघडलं.

"माझे तीन हजार होत आलेत," तो म्हणाला.

"काय?"

"किलोमीटर. ऑइलचे."

"तुझे? तू तर लॅबपलीकडे जात नाहीस!"

"हल्ली जातो. लांब लांब. शेवाळ बघायला." एकदा खोटं बोलायचं म्हटल्यावर त्याने कंजुषी केली नाही.

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "बरं. मग जायच्या आधीच्या रविवारी येते. तेवढं करूनच जाते."

घरी आल्या आल्या त्याने काटा पाहिला. तीन हजारांपैकी जेमतेम दोनशे झाले होते.

*

त्याने नरेंद्रला पुण्याला फोन केला. सगळं ऐकून नरेंद्र म्हणाला, "फोन उचल आणि सांगून टाक तिला. तुझं पेट्रोल वाचेल."

"ते नाही जमणार."

"मग दोन बाटल्या काजळ टाक ऑइलमध्ये."

"तिला कळेल. आणि कळलं नाही तरी... ते खोटं होईल ना रे."

"तू आत्ता तिच्याशी खोटंच बोलून आलास!"

"म्हणूनच ते खरं करायला हवं," अद्वय म्हणाला. नरेंद्रने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं असावं, अशी शांतता पसरली.

क्योतोच्या डोंगरापलीकडे बिवा सरोवर आहे, समुद्रासारखं मोठं. त्याच्या काठाकाठाने रस्ता जातो आणि फिरून पुन्हा तिथेच येतो. कुठेही न जाता पुष्कळ किलोमीटर करायचे असतील तर याहून सोयीची जागा नाही. मार्चमध्ये अद्वयने उरलेली सगळी रजा टाकली, आणि रजा नसेल तेव्हा शनिवार-रविवार. सकाळी निघायचं, सरोवर डाव्या हाताला ठेवायचं, आणि ते संपेपर्यंत चालवायचं. सरोवर गोल असल्यामुळे ते संपत नसे.

उत्तरेकडे अजून बर्फ होता. वारा जॅकेटच्या बाहीतून शिरून पाठीवाटे बाहेर पडे. बोटं अशी बधिर होत की पैसे काढून देता येईनात. उत्तरेकडच्या कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, बाई त्याला ओळखू लागल्या आणि तो दिसला की आपणच गरम वाफाळता पाव काढून ठेवू लागल्या. हेल्मेटच्या आत तो ते वाक्य घोकत असे. पण प्रत्येक वेळी 'मला तू' इथवर आलं की श्वास जोरात सुटे आणि काच धुरकट होई. पुढचं काही दिसेना. मग गाडी बाजूला घ्यायची, काच पुसायची, पुन्हा पहिल्यापासून.

मोरिता-सानची समजूत झाली की ह्या मुलाला विद्यापीठ पगार देत नाही आणि हा बिचारा लपूनछपून कुठेतरी सामान पोचवायचा बाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी, करतोय. त्या रोज सकाळी त्याच्या सीटवर खिशात ठेवून हात शेकायच्या उष्ण पुड्या ठेवू लागल्या. त्याने एकदा खरं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "कष्टाची लाज वाटू देऊ नये."

पण काहीतरी वेगळंही घडत होतं. कधी कुठल्या गिअरला इंजिन खूश असतं, साखळी कोरडी पडली की कशी कुरकुरते, हे त्याला आपसूक कळू लागलं. संध्याकाळी साखळी ताणून बसवताना तो आता पान्यावर पाय ठेवत नसे. जिथे पुरे, तिथे हात थांबत. कस्तुरी गाडीवर का जीव टाकते, हे त्याला पाण्याकडेच्या एका वळणावर, तिरकं होऊन, अचानक समजलं. एकटाच मोठ्याने हसला, आणि काच पुन्हा धुरकट झाली.

खिडकीतलं ऑइल चहासारखं झालं. मग कॉफीसारखं. प्रेमात पडलेली माणसं चंद्र बघतात, हा ऑइल बघत होता.

*

रविवारी ती आली तेव्हा केस मोकळे होते. बॅग तीच, टॉवेल तोच. तिने आधी काटा पाहिला, मग टेपवरचा आकडा, मग पुन्हा काटा.

"खरंच झाले," ती हळूच म्हणाली.

"मी म्हटलं होतं."

तिने बोल्ट सोडला. ऑइलची धार पडली, काळीभोर, सरळ. तिने दोन बोटांत एक थेंब घेऊन चोळला, हुंगला. ह्या ऑइलला नाव ठेवायला जागा नव्हती. अद्वयची छाती फुलली. धार बारीक झाली, थेंबावर आली. आता थोडं थांबायचं होतं. नुसतं बसायचं म्हणून तिने मागच्या टायरवरून हात फिरवला... आणि तिचा हात मध्येच थांबला. तिने पुढच्या टायरवरून हात फिरवला. डोळे बारीक केले.

"अद्वय."

"हं?"

"मागचा टायर संपलाय. आणि दोन्ही डावीकडूनच जास्त झिजलेत. अशी झीज एकाच अंगाला वळत राहणाऱ्याची असते. कुठे जात होतास तू?"

"...बिवाला."

"बिवाला कुठे?"

"बिवाला... भोवती."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. तिथल्या कोंबिनीतल्या बाईंना विचारावं लागेल."

"कशासाठी?"

पत्र्यावर शिगुरे टपटपू लागला. खरं तर त्याचा मोसम कधीच संपला होता. पण शिगुरेला कोण विचारणार? अद्वयने घोकलेलं वाक्य शोधलं. ते जागेवर नव्हतं.

"ऑइल काळं व्हायला," तो म्हणाला. "तू म्हणालीस, वेळ झाली की बोलव. माझी वेळ यायला अडीच वर्षं होती... आणि तू महिन्याने जाणार होतीस. म्हणून मी जाऊन वेळेला घेऊन आलो."

ती एकटक बघत होती. "फोन करून सांगता आलं असतं की."

"काय?"

"जे सांगायचं होतं ते."

"त्याला धीर लागतो," अद्वय म्हणाला. "ह्याला नुसतं पेट्रोल लागतं."

कस्तुरीने मान खाली घातली, नवं वॉशर घेतलं, बोल्ट बोटांनी लावला, टॉर्क रेंच ओढला. ठक्. ती थांबली नाही. पुन्हा ठक्.

"दोनदा झालं," अद्वय घाबरून म्हणाला.

"माहितीये. गप्प बस." तिचा आवाज वेगळाच येत होता. "तिकडे उत्तरेला बर्फ होता. ह्या असल्या टायरवर तू... एकटा... घसरून पाण्यात गेला असतास तर मला कोण कळवणार होतं? मोरिता-सान?"

"त्यांना वाटलं असतं मी पार्सल पोचवताना—"

"हसवू नको!" ती ओरडली आणि हसली, आणि ते हसू मध्येच कुठेतरी फुटलं. तिने मनगटाने डोळे पुसले. गालभर ऑइल लागलं, नेमकं खळग्याच्या बाजूला. पुढे होऊन पुसावं, असं त्याला वाटलं. पण त्याचे हात तिच्याहून काळे होते. तरीही त्याने ते पुसलं. गाल अर्थातच जास्त काळा झाला. ती मागे सरकली नाही.

नवं ऑइल ओतून झाल्यावर तो गाडीवर बसला, ती खाली आडवी झाली. बराच वेळ ती खिडकीत बघत राहिली. पातळी बघायला इतका वेळ लागत नाही, हे आता त्यालाही कळत होतं.

"मी उद्या सकाळी निघतेय," ती तिथूनच म्हणाली. "सामान पुढे गेलंय. मी गाडीनेच जाणार."

"मी येतो सोडायला."

"कुठवर?"

"ओजिमापर्यंत."

"ह्या टायरवर तू कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतसुद्धा जायचं नाही."

अद्वयने खाली पाहिलं. तिला भेटण्यासाठी जे टायर झिजवले, तेच आता तिच्याबरोबर जाऊ देत नव्हते. ह्या न्यायाला दाद कुठे मागतात, ते मोरिता-सानलाही सांगता आलं नसतं.

"म्हणून," फरशीवरून आवाज आला, "माझ्या मागे बस. परत येताना ट्रेनने ये. काय?"

"हो," अद्वय म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, खात्रीसाठी म्हणून, त्याने ते दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

*

"धरायला मागे दांडा आहे," निघताना ती म्हणाली.

क्योतो मागे पडेपर्यंत त्याने दांडा धरला. हायवेला लागल्यावर ती ओरडली, "दांड्यात काय ठेवलंय एवढं?"

"तूच म्हणालीस!"

"तू मागे झुकतोस, माझा तोल जातो! पुढे धर!"

"पुढे कुठे?"

"अद्वय, तू डॉक्टरेट कशात केलीस?"

त्याने पुढे धरलं. तोल लगेच सुधारला. तिचे मोकळे केस जॅकेटात नीट खोचलेले नव्हते. एक बट त्याच्या काचेवर फडफडत राहिली. त्याने ती बाजूला केली नाही.

हामाना सरोवराजवळच्या थांब्यावर ती थांबली. मशीनमधून गरम कॉर्न सूपचे दोन डबे आले. दोघं पाण्याकडे तोंड करून कठड्यावर बसले. वारा होता, ऊन होतं, आणि टोकियो अजून लांब होतं.

"काल अर्धंच बोललास," ती डब्याकडे बघत म्हणाली.

हेल्मेट कठड्यावर होतं. धुरकट व्हायला समोर काच नव्हती.

"मला तू आवडतेस," अद्वय म्हणाला. "गाडीला काहीही झालेलं नसतानासुद्धा."

ती डबा तोंडाला लावून मान मागे करून बसली. तळाशी कणसाचे दाणे अडकले होते. तिने डबा हलवला, टिचकी मारली, आत डोळा लावून पाहिलं.

"मला पण," ती डब्यात म्हणाली.

"काय?"

"मला पण, म्हटलं. ...हे दाणे अडकतात ना, लक्ष जातं."

"मी काढून देऊ?"

"दे."

त्याने डब्याच्या कडेला दोन बोटांनी जरा चेपलं. उत्तरेकडच्या कोंबिनीतल्या बाईंनी शिकवलेली युक्ती. दाणे घरंगळत बाहेर आले. तिने ते खाल्ले आणि डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं, अगदी हलकं, जिथवर आपोआप टेकतं तिथवर. बदली टळणार नव्हती. उद्यापासून ती एका गावात आणि तो दुसऱ्यात. हे दोघांना माहीत होतं, आणि ते बोलून आणखी खरं होणार नव्हतं.

मग ती उठली. खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"पुढचं तू चालव."

"तुझी गाडी?"

"ही किल्ली अजून कुणाला दिलेली नाही मी," ती म्हणाली. "साताऱ्यातल्या गाडीची तर भावालासुद्धा नव्हती दिली. तो अजून रागावलाय. लायसन्स किती जुनं?"

"पुण्यात अठराव्या वर्षी काढलंय."

"मग घे. मला बघायचंय, तू कसा चालवतोस ते."

त्याने किल्ली घेतली. ती मागे बसली. दांड्याचा विषयही निघाला नाही. निळी मोटरसायकल हायवेवर आली आणि अद्वयने ती अगदी डावीकडच्या लेनमध्ये नेली, किमान वेगाच्या पाटीला पूर्ण मान देत. आधी ट्रक पुढे गेले. मग शाळेच्या सहलीची बस गेली, खिडक्यांतून हात हलवत. मग घरसामान लादलेला एक म्हातारा टेम्पो गेला, ज्याने आजवर कुणालाही मागे टाकलं नसावं.

ओजिमा जितकं उशिरा येईल तितकं त्याला हवं होतं. आणि इतकी सगळी माणसं पुढे निघून गेली तरी, पाठीवर गाल टेकवून बसलेल्या त्या मुलीने, जिला मापाबाहेरची एकही गोष्ट खपत नसे, एकदासुद्धा म्हटलं नाही, की जरा वेग वाढव.